आरसा उपचार

पक्षाघाताने लुळा पडलेला हात हलत असल्याचा भास डोळ्यांना घडवून, त्या हातात खरी हालचाल परतावी यासाठी करून घेतला जाणारा व्यायाम. फिजिओथेरपी विभागांत तो मिरर थेरपी याच नावाने ओळखला जातो.

साधन अगदी साधे असते. रुग्णाला टेबलाशी बसवून त्याच्या छातीसमोर, शरीराच्या मध्यरेषेत एक उभा आरसा ठेवतात. लुळा हात आरशाच्या मागे झाकला जातो, चांगला हात पुढे राहतो. आरशात पाहिले की चांगल्या हाताचे प्रतिबिंब नेमके लुळ्या हाताच्या जागी दिसते. त्यामुळे मूठ उघडली, मनगट वळवले, बोटे एकेक करून अंगठ्याला टेकवली, की निकामी हातच हे सारे करतो आहे असे वाटते. अंगठी, घड्याळ आधी काढून ठेवतात, कारण एवढ्याशा फरकानेही भास मोडतो. हालचाली संथ ठेवाव्या लागतात, आणि आरशामागचा हातही सोबत हलवण्याचा प्रयत्न रुग्णाने करायचा असतो. नुसते पाहत बसणे म्हणजे हा उपचार नव्हे. बऱ्याच अभ्यासांत रोज सुमारे अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, असा क्रम काही आठवडे चालवला गेला.

या कल्पनेचा उगम पक्षाघाताच्या उपचारांत नाही. हात कापावा लागलेल्या काही रुग्णांना नसलेला हात आखडून दुखत असल्याची जाणीव होते. कॅलिफोर्नियातील मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात अशा रुग्णांपुढे आरसा ठेवला, आणि काहींना तो ‘हात’ मोकळा झाल्याचे जाणवले. पक्षाघातानंतरच्या दुबळेपणात मेंदूने गिरवलेल्या अपयशाचाही वाटा असावा, असा त्यांचा तर्क होता: हात हलवण्याची आज्ञा जाते, डोळ्यांना मात्र तो निश्चल दिसतो. १९९९ मध्ये एरिक अल्टशूलर व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पक्षाघाताच्या ९ रुग्णांवरील छोटा प्रयोग प्रसिद्ध केला आणि या वापराला चालना मिळाली.

भासाने हालचाल का सुधारावी, याचे एकच सर्वमान्य उत्तर नाही. दुसऱ्याची कृती पाहतानाही मेंदूतील हालचालींशी संबंधित काही पेशी सक्रिय होतात, हे एक स्पष्टीकरण. आरशामुळे दुर्लक्षित हाताकडे लक्ष वळते, हे दुसरे, आणि व्यवहारात तेही कमी मोलाचे नाही. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या संशोधकांच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पक्षाघाताला बराच काळ लोटलेल्या आणि घरी आरशासह सराव केलेल्या रुग्णांच्या मेंदूतील क्रियाशीलतेचा तोल इजा झालेल्या बाजूकडे सरकलेला आढळला. हातातली सुधारणा माफक होती, आणि सहा महिन्यांनी ती टिकलेली दिसली नाही. सराव सुटला की काय होते, याकडे या निष्कर्षामुळे गांभीर्याने पाहावे लागते.

एकूण पुरावा मात्र आशादायक आहे. वैद्यकीय पुराव्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ६२ अभ्यास आणि १,९८२ रुग्ण होते. हालचाल व दैनंदिन कामे यांत मध्यम विश्वासार्हतेचा फायदा दिसला. पक्षाघातामुळे आपल्या भोवतालच्या एका बाजूचे भानच हरपलेल्या रुग्णांबाबत स्पष्ट निष्कर्ष निघाला नाही. नेहमीच्या व्यायामाला जोड म्हणूनच ही पद्धत वापरली जाते.

तिचे खरे महत्त्व पूर्ण लुळ्या हातासाठी आहे. चांगला हात बांधून दुबळ्याकडून काम करून घेण्याच्या पद्धतीला मनगट व बोटे थोडी तरी हलावी लागतात. आरशाला ती अट नाही. मात्र समोरची हालचाल समजून घेऊन लक्ष टिकवता आले पाहिजे. काहींना सुरुवातीला गरगरते किंवा अस्वस्थ वाटते, तेव्हा थांबून चांगल्या हाताकडे पाहायला सांगतात.

आता आरशाची जागा पडदाही घेतो. जपानमधील फुमिनारी कानेको यांच्या गटाने रुग्णाच्या हातावर पडदा ठेवून त्यावर हलत्या हाताची चित्रफीत दाखवण्याची पद्धत विकसित केली. पाहणाऱ्याला आपलाच हात हलल्याची जाणीव होते आणि चांगल्या हाताला काहीच करावे लागत नाही. आभासी वास्तवाच्या चष्म्यांतूनही असाच भास निर्माण करता येतो.