गाडीचं ॲव्हरेज (पुण्यातला रोजचा लांबचा प्रवास)

ॲव्हरेज म्हणजे एका लिटरमधे गाडी किती किलोमीटर जाते तो आकडा. कागदोपत्री याला मायलेज किंवा इंधनक्षमता म्हणतात, पण पुण्यात विचारताना "ॲव्हरेज किती देते?" असंच विचारतात. सीएनजीच्या गाडीला लिटरऐवजी किलो मोजायचा, एवढाच फरक. ज्यांचं ऑफिस घराजवळ आहे त्यांना हा विषय फारसा छळत नाही, पण हडपसरहून हिंजवडी किंवा कात्रजहून चाकण असं रोज जाऊन येऊन करणाऱ्यांच्या घरखर्चात तो किराण्याच्या बरोबरीने येऊन बसतो. दिवसाला ६० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस धरले तर १५०० किलोमीटर होतात. गाडी १५ देत असेल तर १०० लिटर लागतात आणि १८ देत असेल तर ८३, म्हणजे १७ लिटर वाचले. तेच २५ चे २८ केले तर जेमतेम ६ लिटर वाचतात. त्यामुळे ज्याची गाडी जास्त पिते त्यानेच आधी लक्ष घालायला हवं, छान ॲव्हरेज देणाऱ्या बाईकवाल्याने नाही.

जाहिरातीतल्या आकड्याला लोक एआरएआय मायलेज म्हणतात. एआरएआय म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था. ती पुण्याचीच, १९६६ साली स्थापन झालेली, वेताळ टेकडीवर तिचा परिसर आहे आणि सकाळी फिरायला जाणारे कितीतरी लोक त्या भागाला एआरएआय टेकडीच म्हणतात. चाचणीत गाडी रोलरवर उभी करून, ठरलेल्या वेगांनी, एसी बंद ठेवून चालवतात. सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजल्या जाव्यात म्हणून हे केलेलं आहे, आणि तुलनेसाठी तो आकडा चांगलाच आहे. पण त्या रोलरवर हिंजवडीच्या वाटेवरचा, गर्दीने तुंबणारा भूमकर चौक नसतो, म्हणून रस्त्यावर तेवढंच मिळेल असं धरून चालू नये.

शहरात ॲव्हरेज सगळ्यात जास्त खातो तो ब्रेक. एक टनाची गाडी ० वरून ६० च्या वेगावर न्यायला, इंजिनात वाया जाणारी उष्णता धरून, साधारण १५ ते २० मिली पेट्रोल जळतं, म्हणजे पोहे खायचा एक चमचा भरून. पुढचा सिग्नल लाल दिसत असताना आपण रेस देत गेलो आणि शेवटी कचकन ब्रेक दाबला की तो चमचा रस्त्यावर ओतला असं समजायचं. वेग अर्धा असेल तर ऊर्जा पावच लागते, त्यामुळे गर्दीत ३० पर्यंत जाऊन थांबणं आणि ६० पर्यंत जाऊन थांबणं यात चौपट फरक पडतो. यावर उपाय म्हणजे नजर लांब ठेवायची, पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर नाही तर तिच्या पुढच्या चार गाड्यांवर, आणि अंतर सोडून रेसवरचा पाय आधीच उचलायचा. त्या अंतरात कुणीतरी घुसतोच, घुसू द्यावं, त्याने आपले काही सेकंद जातात.

पाय उचलल्यावर गाडी गिअरमधेच राहू द्यावी. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर चालू असताना रेस सोडली की इंजिनाला जाणारं इंधन बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं तर मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. "उतारावर न्यूट्रल केलं की वाचतं" हा समज कार्ब्युरेटरच्या काळातला आहे आणि तो पुण्यात जीवघेणा ठरतो. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार लांबलचक आहे, तिथे डिझेल वाचवायला काही अवजड गाड्या न्यूट्रलवर येतात, मग सगळा भार ब्रेकवर पडून ते तापतात आणि धरेनासे होतात. पोलीसही तिथे न्यूट्रल करू नका म्हणून परत परत सांगत आले आहेत. इंजिनच बंद केलं तर कारमधला ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पेडल हलकं करणारी मदत, ब्रेक दोनतीनदा दाबल्यावर संपतो आणि पेडल दगडासारखं कडक होतं. एवढा धोका घेऊन वाचत काहीच नाही, हे मला प्रत्येक ड्रायव्हरला हात धरून सांगावंसं वाटतं.

हायवेवर हिशोब वेगळा. तिथे हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० चे १०० केले की तो दीडपटीपेक्षा जास्त होतो. १० किलोमीटरच्या पट्ट्यात ८० ऐवजी १०० ने गेलं तर वाचतो दीड मिनिट, आणि तो पुढच्या सिग्नलला जातोच. टपावरचं रिकामं कॅरिअर काढून ठेवावं. सावकाश चालताना खिडक्या उघडून भागत असेल तर उत्तम, पण वेगात खिडकी लावून एसी बरा. सिग्नलला मिनिटभर थांबायचं असेल तर इंजिन बंद करावं, छोटी कार नुसती उभी राहून तासाला अर्धा ते एक लिटर पिते.

गाडीच्या तब्येतीत पहिली गोष्ट हवा. हवा थंड टायरला, सकाळी निघताना बघायची, १५ किलोमीटर चालवून पंपावर बघितली की टायर तापल्याने आकडा वाढलेला दिसतो आणि खरी कमतरता लपते. दुसरी गोष्ट चिकटणारे ब्रेक. माझ्या गाडीचं ॲव्हरेज दोन महिन्यांत १७ वरून १४ वर आलं, सर्व्हिसिंगला दोनदा नेली, एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, इंजेक्टर साफ करायचे वेगळे पैसे दिले, काही फरक नाही. एकदा घरी येऊन चारही चाकांच्या रिमजवळ हात नेला, तीन कोमट आणि पुढच्या डाव्या चाकाजवळ हात धरवेना. कॅलिपरची (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) पिन गंजून अडकली होती आणि ब्रेक सुटतच नव्हता, ती साफ करून ग्रीस लावल्यावर गाडी परत १७ वर आली. ही तपासणी फुकट आहे, फक्त रिमला थेट बोट लावू नका, भाजतं. बाईकवाल्यांनी मेन स्टँडला लावून मागचं चाक हाताने फिरवून बघावं आणि चेनला ऑइल द्यावं. हाफ क्लचवर गाडी सरकवायची सवय असेल तर ती सोडावी.

पेट्रोलमधल्या इथेनॉलचाही वाटा आहे. इथेनॉलमधे लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. २० टक्के मिश्रणामुळे जुन्या रचनेच्या कारचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी कमी होईल असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिलेला आहे. १७ ची गाडी १६ देऊ लागली तर लगेच मेकॅनिकवर संशय घेऊ नये, १४ देऊ लागली तर मात्र शोधावं.

मोजायची पद्धत एकच धरावी. टाकी फुल करायची, नोझल आपोआप कट झाल्यावर पुढे भरू द्यायचं नाही, ट्रिप शून्य करायची, आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर परत तसंच फुल करून झालेले किलोमीटर भरलेल्या लिटरने भागायचे. एका टाकीवरून काही ठरवू नये, तीनचार टाक्या लिहून काढाव्यात. माझ्या वहीत सगळ्यात मोठा फरक ना टायरचा दिसतो ना वेगाचा, निघण्याच्या वेळेचा दिसतो: त्याच गाडीला, त्याच रस्त्याने, नऊऐवजी साडेसातला निघालेल्या महिन्यात लिटरमागे दोन किलोमीटर जास्त मिळालेत.