बॅकऑफिस सर्व्हर: पेटीत काय काय होतं आणि ते कशावर चालायचं

हल्ली मेल, डेटाबेस, फायरवॉल सगळं महिन्याच्या भाड्यावर मिळतं, त्यामुळे नवीन ॲडमिन पोरांना "अमुक व्हर्जन तमुक सर्व्हिस पॅकवर चालतं का" हा प्रश्न फारसा पडत नाही (सर्व्हिस पॅक म्हणजे दुरुस्त्यांचा गठ्ठा). पण जुन्या कंपन्यांत, कारखान्यांत, सहकारी बँकांत अजून अशी मशीन निघतात ज्यांच्यावर डोमेन (म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांची लॉगिन सांभाळणारी व्यवस्था), मेल, एसक्यूएल (डेटाबेस) सगळं एकत्र बसवलंय, आणि ते असं का केलं होतं हे कुणाला सांगता येत नाही. त्याचं मूळ मायक्रोसॉफ्टच्या बॅकऑफिसमध्ये, म्हणजे सर्व्हरची बरीच प्रॉडक्ट एका पेटीत घालून विकलेल्या संचात आहे. म्हणून ही पार्श्वभूमी जरा सविस्तर लिहितोय.

नव्वदच्या सुरुवातीला ऑफिसातलं नेटवर्क म्हणजे नोव्हेलचं नेटवेअर. फाइल आणि प्रिंटसाठी त्याच्या तोडीचं काही नव्हतं. मायक्रोसॉफ्टकडे ओएस/२ या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारं लॅन मॅनेजर होतं, पण ते मागे पडलेलं. १९८८ मध्ये डेव्ह कटलर डिजिटल म्हणजे डीईसी सोडून मायक्रोसॉफ्टमध्ये आले आणि त्यांच्या टीमने जी ऑपरेटिंग सिस्टिम बांधली ती १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ म्हणून बाजारात आली. आता नुसती ऑपरेटिंग सिस्टिम विकून नेटवेअरवाला गिऱ्हाईक हलत नाही, त्याला त्यावर चालणारं काहीतरी कामाचं दाखवावं लागतं, आणि तेच दाखवायला १९९४ च्या शेवटाला बॅकऑफिस आलं. पुढच्या टेबलावरच्या माणसाला ऑफिस, मागच्या खोलीतल्या सर्व्हरला बॅकऑफिस, असा सरळ हिशेब.

पहिल्या पेटीत एनटी सर्व्हर ३.५, एसक्यूएल सर्व्हर ४.२१, एसएनए सर्व्हर, सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर म्हणजे एसएमएस (ऑफिसातले पीसी एका जागेवरून सांभाळायला), आणि मायक्रोसॉफ्ट मेल. नावं एका माळेत ओवलेली वाटतात, पण प्रत्येकाचं घराणं वेगळं होतं आणि पुढची सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

एसक्यूएल सर्व्हर मुळात सायबेस कंपनीचा. तो आधी ओएस/२ वर आला, मग एनटीवर आणला, आणि १९९४ मध्ये दोन्ही कंपन्या वेगळ्या झाल्या. त्यानंतरचं ६.० हे १९९५ चं व्हर्जन मायक्रोसॉफ्टने एकट्याने काढलं, तरी आतला सायबेसचा सांगाडा ७.० येईपर्यंत टिकून होता. एसएनए सर्व्हरचं काम आयबीएमच्या मेनफ्रेम आणि एएस/४०० शी बोलायचं. म्हणजे टेबलावरच्या पीसीवर ३२७० किंवा ५२५० टर्मिनलची खिडकी उघडायची आणि पलीकडे मोठं मशीन, मधला दुभाषी हा सर्व्हर. बँका आणि विमा कंपन्यांना हे लागायचंच. आणि मायक्रोसॉफ्ट मेल हा तर खरा सर्व्हर नव्हताच, त्याचं पोस्ट ऑफिस म्हणजे शेअर केलेल्या फोल्डरमधल्या फायली, प्रत्येक क्लायंट स्वतः आत जाऊन त्यात लिहायचा, एखादं मशीन लिहितालिहिता बंद पडलं की फाइल खराब. १९९६ मध्ये एक्सचेंज आलं तेव्हा कुठे यात नीट क्लायंट-सर्व्हर मेल आला. एक्सचेंजच्या पहिल्याच व्हर्जनला ४.० म्हणायचं कारणही हेच, आधीचं मेल ३ वर होतं. पुढे याच एक्सचेंजच्या डिरेक्टरीच्या, म्हणजे माणसांच्या आणि पत्त्यांच्या यादीच्या, पायावर विंडोज २००० मधली डोमेन सांभाळणारी ॲक्टिव्ह डिरेक्टरी उभी राहिली.

पेटी वाढत गेली. १९९७ पर्यंत एनटी ४, आयआयएस वेब सर्व्हर आणि प्रॉक्सी सर्व्हर आत आले, ३ नंबर गाळून थेट बॅकऑफिस ४.० निघालं, त्यात साइट सर्व्हर आला, १९९९ च्या ४.५ मध्ये एसक्यूएल ७.० आणि एसएमएस २.० आले.

आता प्लॅटफॉर्म. एनटी सुरुवातीपासून फक्त इंटेलसाठी नव्हतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कटलर यांच्या टीमने मुद्दाम आधी दुसऱ्या प्रोसेसरवर काम सुरू केलं होतं, म्हणजे कोड इंटेलला चिकटून बसू नये. म्हणून एनटी मिप्सवर चालायचं, डीईसीच्या अल्फावर चालायचं, आणि १९९५ च्या ३.५१ पासून पॉवरपीसीवर सुद्धा. एनटी ४ ची मूळ सीडी कुठे सापडली तर उघडून बघा, आत आय३८६, अल्फा, मिप्स आणि पीपीसी असे चार फोल्डर शेजारी शेजारी दिसतील, प्रत्येकात तीच ऑपरेटिंग सिस्टिम वेगवेगळ्या प्रोसेसरसाठी कंपाइल केलेली. मला अजूनही त्या सीडीचं कौतुक वाटतं, कारण एका प्रॉडक्टचे चार पोर्ट एकाच वेळी टेस्ट करून बाहेर काढणं ही साधी गोष्ट नाही.

पण ऑपरेटिंग सिस्टिम चार ठिकाणी चालते म्हणजे तिच्यावरची पेटीही चार ठिकाणी चालते असं होत नाही. विंडोजचा प्रोग्राम एका प्रोसेसरसाठी कंपाइल केला की दुसऱ्यावर चालत नाही, म्हणजे एक्सचेंजची अल्फाची वेगळी बिल्ड, एसक्यूएलची वेगळी, त्यांच्या प्रत्येक सर्व्हिस पॅकची आणि हॉटफिक्सची वेगळी. मायक्रोसॉफ्टने आपली मोठी प्रॉडक्ट अल्फासाठी काढली सुद्धा, पण बाहेरच्या कंपन्यांचं बॅकअप सॉफ्टवेअर, अँटीव्हायरस, टेप ड्राइव्हचा ड्रायव्हर हे कोण काढणार? डीईसीने एफएक्स!३२ नावाचं एक साधन दिलं, त्याने इंटेलचे प्रोग्राम अल्फावर चालायचे आणि एकदा चालून झाले की मागे भाषांतर होऊन पुढच्या वेळी वेगही वाढायचा, फार हुशारीचं काम होतं ते, पण ड्रायव्हरला त्याचा उपयोग शून्य. आणि सर्व्हर घेणाऱ्याला टेपवर बॅकअप होत नसेल तर प्रोसेसर कितीही वेगवान असो, काय करायचाय?

शेवट ठरलेलाच होता. एनटी ४ बाहेर येऊन वर्षही झालं नव्हतं तोवर आधी मिप्सचा आणि मग पॉवरपीसीचा सपोर्ट गुंडाळला. अल्फा टिकला, कारण मागे डीईसी होती. १९९८ मध्ये कॉम्पॅकने डीईसी विकत घेतली आणि १९९९ च्या ऑगस्टमध्ये अल्फावरच्या एनटीतून अंग काढून घेतलं. विंडोज २००० च्या अल्फावरच्या टेस्ट बिल्ड तोवर लोकांच्या हातात होत्या, तरी फेब्रुवारी २००० मध्ये ते बाजारात आलं ते फक्त इंटेलवर. ज्यांनी अल्फा मशीन घेऊन त्यावर एक्सचेंज उभं केलं होतं त्यांना पुढचा रस्ताच उरला नाही.

समोरचे लोक, म्हणजे स्पर्धक, उलट्या बाजूने येत होते. नेटस्केपचं सूटस्पॉट १९९६ मध्ये आलं, तेही सर्व्हरचंच गाठोडं, पण ते युनिक्सच्या बऱ्याच जातींवर आणि एनटीवरही चालायचं. बॅकऑफिसने ऑपरेटिंग सिस्टिम एक आणि हार्डवेअर अनेक हा रस्ता धरला होता, सूटस्पॉटने ऑपरेटिंग सिस्टिमच अनेक धरल्या. मला विचाराल तर मधल्या आकाराच्या ऑफिसला बॅकऑफिसचा रस्ता सोयीचा होता, एकच लॉगिन, एकच इव्हेंट व्ह्यूअर, एकच बॅकअपची पद्धत. पर्फॉर्मन्स मॉनिटरमध्ये एक्सचेंज आणि एसक्यूएलचे काउंटर एकाच आलेखावर बघायला मिळायचे, ही सोय ज्याने रात्री बसून स्लो सर्व्हर शोधलाय त्यालाच कळेल.

गाडी अडायची ती व्हर्जनच्या घड्याळावर. पेटी एक असली तरी प्रत्येक कॉम्पोनंटची टीम वेगळी, त्यांचं रिलीज वेगळ्या महिन्यात, आणि प्रत्येकाला खाली वेगळा सर्व्हिस पॅक लागायचा. एसक्यूएल ७.० ला एनटी ४ चा सर्व्हिस पॅक ४ लागायचा आणि शिवाय इंटरनेट एक्सप्लोरर ४.०१, हो, डेटाबेस सर्व्हरवर ब्राउझर, कारण त्याच्या ॲडमिन खिडक्या ब्राउझरच्या फायलींवर उभ्या होत्या. आयआयएस ४ हवं तर ऑप्शन पॅक (एनटी ४ साठीचा जादा भागांचा संच) टाकायचा, त्याआधी सर्व्हिस पॅक ३. आणि एनटी ४ ची सगळ्यात त्रासाची सवय म्हणजे मूळ सीडीवरून एखादी नवीन सर्व्हिस टाकली, अगदी डीएनएस जरी टाकलं, की सीडीवरच्या जुन्या फायली नव्यांच्या डोक्यावर बसायच्या आणि सर्व्हिस पॅक पुन्हा मारावा लागायचा. विसरलात तर लगेच काही दिसायचं नाही, चार दिवसांनी एखादी सर्व्हिस उठायची नाही किंवा निळा स्क्रीन. त्यामुळे इन्स्टॉलचा क्रम कागदावर लिहून सर्व्हर रूमच्या दाराला चिकटवलेला असायचा, आणि तो कागद हरवला की नवीन माणसाचे हाल.

दुसरी अडचण परवान्याची. सुटी प्रॉडक्ट घेण्यापेक्षा पेटी बरीच स्वस्त पडायची, पण त्याबदल्यात सगळं एकाच मशीनवर टाकायची अट होती. ही अट मला कधीच पटली नाही. एक्सचेंज ५.५ मोकळी रॅम दिसली की घेतं आणि लागेल तशी सोडतं, एसक्यूएल ७.० चाही स्वभाव तोच, दोघं एका मशीनवर म्हणजे रॅमसाठी कायमची ओढाताण, शेवटी एसक्यूएलला हाताने वरची मर्यादा घालून द्यावी लागायची. बॅकऑफिस २००० मध्ये कॉम्पोनंट वेगवेगळ्या मशीनवर वाटायची मुभा मिळाली, पण तोवर उशीर झाला होता.

विंडोज २००० वर जाताना अजून एक खास गंमतीचा नाही तर त्रासाचा प्रकार झाला. एक्सचेंज ५.५ एलडॅपसाठी (डिरेक्टरीला नेटवर्कवरून प्रश्न विचारायची पद्धत) ३८९ पोर्ट, म्हणजे नेटवर्कचं त्या नंबरचं दार, वापरायचं, ॲक्टिव्ह डिरेक्टरीलाही तोच पोर्ट हवा. मग ज्या मशीनवर एक्सचेंज होतं तेच डोमेन कंट्रोलर म्हणून अपग्रेड केलं की ३८९ डिरेक्टरी धरून बसायची आणि एक्सचेंजचं एलडॅप मुकं. उपाय साधा होता, अपग्रेडच्या आधी एक्सचेंजचा पोर्ट बदलायचा, पण तो आधी माहीत असायला हवा. आणि ज्यांनी पेटी घेतली होती त्यांचं मेल आणि डोमेन एकाच मशीनवर असणं साहजिकच होतं.

आपल्याकडच्या लोकांसाठी कंपॅटिबिलिटीचा अजून एक थर होता, मराठीचा. एनटी ४ आतून युनिकोडवरच (सगळ्या भाषांच्या अक्षरांना नंबर देणारी एकच पद्धत) बांधलेलं, पण देवनागरीची जोडाक्षरं दाखवायची सोय त्यात नव्हती. त्यामुळे पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम किंवा मॉड्युलरची श्रीलिपी वापरून मराठी टाइप व्हायचं, आणि एसक्यूएल ६.५ च्या टेबलात जे जायचं ते मराठी नव्हतंच, फॉन्टमधल्या आकारांचे नंबर जायचे. शोध लागायचा नाही, अकारविल्हे लावलं तर काहीही क्रम यायचा. त्यात क्लायंटवर ॲन्सी-टू-ओईएम नावाची एक खूण असायची, ती चुकून चालू राहिली की वरच्या १२८ जागांतली अक्षरं वाटेतच बदलायची, आणि मराठी फॉन्टची बरीच अक्षरं नेमकी तिथेच बसलेली. आडनावांची अख्खी यादी त्यातून वाकडीतिकडी बाहेर यायची. एसक्यूएल ७.० मध्ये युनिकोडचे कॉलम आले, विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्ट आणि मराठी, हिंदी, कोकणीचे लोकेल (त्या भाषेच्या सेटिंग) आले, तेव्हा पहिल्यांदा खरी मराठी सर्व्हरवर साठवता आली. तरी क्वेरीत मजकुराआधी इंग्रजी एन (हा मजकूर युनिकोड आहे असं सांगणारा) लावायचा राहिला की सगळी प्रश्नचिन्हं, ते आजही होतं.

२००१ मध्ये बॅकऑफिस बंद झालं. पेटीतली प्रॉडक्ट मात्र नावं बदलून जगली. प्रॉक्सी सर्व्हरचा आयएसए सर्व्हर झाला, एसएनएचा होस्ट इंटिग्रेशन सर्व्हर, एसएमएसचा पुढे कॉन्फिगरेशन मॅनेजर.

आणि पेटीची मूळ कल्पना धाकट्या भावात उरली, स्मॉल बिझनेस सर्व्हर. १९९७ ला २५ माणसांच्या मर्यादेने सुरू झालं, मग ५०, २००३ मध्ये ७५. यात सगळं एका मशीनवर हे ठरवूनच होतं, आणि लहान ऑफिसला ते खरंच जमायचं, कारण सेटअप स्वतःच योग्य क्रमाने सगळं टाकायचा, दाराला कागद लावायची गरज नाही. अटी मात्र कडक, डोमेनचे सगळे मुख्य रोल याच मशीनकडे हवेत, नाहीतर काही दिवस इशारे देऊन ते आपोआप बंद व्हायचं. प्लॅटफॉर्मचा दणका इथेही बसला. एक्सचेंज २००७ प्रत्यक्ष वापरासाठी फक्त ६४-बिट, म्हणून एसबीएस २००८ सुद्धा फक्त ६४-बिट, आणि २००३ होतं ३२-बिट, म्हणजे त्याच मशीनवर अपग्रेड नाहीच, नवीन मशीन घ्या आणि २१ दिवसांत जुन्यावरून नव्यावर सगळं हलवा. मधल्या आकाराच्या कंपन्यांसाठी तीन सर्व्हरचं एसेन्शियल बिझनेस सर्व्हर २००८ काढलं होतं, ते २०१० मध्येच बंद केलं. एसबीएस २०११ हे शेवटचं, त्याखालच्या सर्व्हर २००८ आर२ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला आणि त्यातल्या एक्सचेंज २०१० चा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये.

असं मशीन अजून चालू असेल आणि हलवायचं असेल तर आधी मेल बाहेर काढा, मग एसक्यूएलचे डेटाबेस, आणि डोमेनचे रोल सगळ्यात शेवटी. उलटं केलंत तर मेल अजून आत असतानाच मशीन बंद व्हायला लागेल.