कुंपणाच्या अलीकडून: मोटार शर्यतींच्या फोटोंची पार्श्वभूमी

चिकोडी, निपाणी, अथणीकडच्या माळावर बैलगाड्यांची किंवा घोडागाड्यांची शर्यत लागली की चाकोरीच्या कडेला मोबाईल धरून उभे राहणारे कमी नसतात. त्यातले काही जण गाडीबरोबर कंबरेतून वळत फोटो काढतात. गाडी स्वच्छ येते, मागची गर्दी आणि झाडं पुसल्यासारखी दिसतात. हेच पॅनिंग, आणि मोटार शर्यतीच्या फोटोचा पायाही हाच. माळावर मात्र गाडी आणि बघणारा यांच्यात दोरीसुद्धा नसते. मोटार शर्यतीतही एके काळी तसंच होतं. बघ्यांनी काढलेल्या फोटोंचा इतिहास कॅमेऱ्याच्या सुधारणांमधून सांगायची पद्धत आहे. मला तो उभं राहायच्या जागेवरून जास्त नीट कळतो.

या प्रकारातला सर्वांत गाजलेला फोटो एका हौशी पोराचाच आहे. जॅक आंरी लार्तीग हा १८९४चा. श्रीमंत घरचा, लहानपणापासून कॅमेरा हाताळणारा. फ्रान्समधल्या ग्रां प्री शर्यतीतला त्याचा फोटो १९१२ सालचा म्हणून ओळखला जातो. रस्त्याच्या अगदी कडेला उभं राहून त्याने गाडीबरोबर कॅमेरा फिरवला, पण गाडी त्याच्या हातापेक्षा वेगवान निघाली. त्या काळच्या कॅमेऱ्यात फिल्मऐवजी असलेल्या काचेसमोरून कापडी पडद्याची फट सरकायची आणि फोटो पट्ट्यापट्ट्यांनी उमटायचा. फट एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत गाडी पुढे गेलेली. त्यामुळे चाक लंबगोल होऊन पुढे झुकलं, आणि कॅमेरा फिरत असल्याने कडेची माणसं मागे कलली. त्याला स्वतःला तो फसलेला वाटला होता. १९६३मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याचं प्रदर्शन झालं तेव्हा कुठे जगाने त्याच्या फोटोंकडे नीट पाहिलं. गंमत म्हणजे वेग दाखवायचा म्हणून पुढे चाकं झुकवायलाच लागले लोक. व्यंगचित्रांतल्या धावत्या गाड्या बघा.

इतकं जवळ उभं राहणं पुढे संपलं, आणि ते माणसं मेल्यामुळे संपलं. ११ जून १९५५ला फ्रान्समधल्या ल मां इथल्या शर्यतीत पियेर लव्हेगची मर्सिडीज उसळून प्रेक्षकांत घुसली. ८०हून जास्त लोक गेले. दोन वर्षांनी इटलीतल्या मिल्ये मिलिया शर्यतीत एक फेरारी रस्त्याकडेच्या गर्दीवर गेली आणि ती शर्यत त्या रूपात बंदच पडली. रॅलीत मात्र जवळ जाण्याची चटक सुटली नाही. १९८६मध्ये पोर्तुगालमध्ये लोक गाडी अगदी अंगावर येईपर्यंत रस्त्यात उभे राहायचे, कित्येकांच्या हातात कॅमेरे. तिथे एक फोर्ड गर्दीत घुसून तिघांचा जीव गेला. त्याच वर्षी आणखी अपघात झाले आणि ग्रुप बी या रॅलीच्या गटातल्या त्या राक्षसी ताकदीच्या गाड्यांवर पुढच्या वर्षापासून बंदी आली. प्रत्येक अपघातानंतर प्रेक्षक थोडा मागे गेला, मध्ये बांध आला, रेलिंग आलं, उंच जाळी आली.

जाळी आली तशी लांब लेन्सची गरज आली, आणि आपल्याकडे गोष्ट तिथेच अडली. साध्या घरांत त्या काळी कॅमेरा म्हणजे क्लिक थ्री, १२० नंबरच्या रोलवर १२ फोटो, शटर उघडं राहायचं साधारण १/५० सेकंद. हिशेब करून बघा: ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटरसायकल तेवढ्या वेळात फूटभर पुढे सरकते. म्हणजे कॅमेरा स्थिर धरला तर फोटोत नुसता फराटा. १२ फोटोंचा रोल शर्यतीत कोण घालवणार? तो बारशाला आणि सहलीला राखून ठेवलेला. भारतातल्या शर्यती तर आपल्यापासून दूर. मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवर गाड्या पळायच्या, इरुंगट्टुकोट्टईचा कायमचा ट्रॅक १९९०मध्ये झाला, कोईमतूरचा करी ट्रॅक त्यानंतर. १९८५मध्ये मिनोल्टा ७०००ने ऑटोफोकस सर्वसामान्यांपर्यंत आणला. त्याआधी डांबरावरची एखादी खूण धरून फोकस लावून ठेवायचा आणि गाडी तिथे आली की बटण दाबायचं. ही युक्ती आजही मोडीत निघालेली नाही.

खरा बदल डिजिटलने केला. फोटो फुकट झाले, चुका दिसायला लागल्या. बेळगाव, खानापूरकडे ७०-२०० ही लांबचं जवळ आणणारी लेन्स आली ती बहुधा लग्नांच्या फोटोग्राफरांमुळे, आणि रविवारी ती शर्यतीलाही निघते. कोल्हापूर आपल्याला हाकेवर आहे. तिथल्या मोहिते ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतीच्या, फेऱ्या झाल्या आहेत, आणि ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक हे रेसर तिथलेच. पॅनिंग शिकायला फॉर्म्युला वनपेक्षा कार्टिंग बरं, असं माझं स्पष्ट मत आहे: गाड्या जवळून, एकाच वळणावर पुन्हा पुन्हा येतात. शटर १/२५० सेकंदापासून सुरू करून हात बसेल तसं १/६०पर्यंत उतरता येतं. १/१००० ठेवलं तर चाकाचे आरेही गोठतात आणि गाडी पार्क केल्यासारखी दिसते.

मोठ्या शर्यतीत प्रेक्षकाला जाळी चुकत नाही. २०११ ते २०१३ दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन झाली तेव्हाही नाही, ऑगस्ट २०२४च्या अखेरीस चेन्नईत रात्रीच्या दिव्यांत रस्त्यावरची शर्यत झाली तेव्हाही नाही. त्यावरचा उपाय जुनाच. लेन्स जाळीच्या शक्य तितकी जवळ न्यायची, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड येण्याचं भोक) पूर्ण उघडायचं, फोकस लांबच्या गाडीवर. तार इतकी धूसर होते की फोटोत उरत नाही. तारेवर ऊन पडलेलं असेल तर मात्र फोटोभर पांढुरकी झाक येते, म्हणून सावलीतली जाळी शोधावी. मोबाईलच्या बारीक लेन्सला तार विरघळवता येत नाही. ती थेट जाळीच्या भोकातच धरावी लागते. स्टँडची वरची रांग जाळीपेक्षा उंच असेल तर यातलं काहीच करावं लागत नाही, तेव्हा तिकीट काढताना आधी तेवढं विचारून घ्यावं.