शुभवर्तमानाची शुद्धता

ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक संकल्पना. येशूचे मरण व पुनरुत्थान यांतून लाभणाऱ्या तारणाचा प्रेषितांनी सांगितलेला संदेश, त्यात भर न घालता आणि त्यातून काही न गाळता, पुढील पिढीच्या हाती देणे असा तिचा आशय. ‘शुभवर्तमान’ या शब्दाला मराठीत ‘सुवार्ता’ हा पर्यायही रूढ आहे.

संकल्पनेचा सर्वांत जुना लेखी आधार पौलाच्या गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सापडतो. ते साधारणतः इ. स. ४८ ते ५५ या काळातले असावे. यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनीही सुंता करून घ्यावी, हा आग्रह पौलाला केवळ रीतीचा प्रश्न वाटला नाही. असे दुसरे शुभवर्तमान स्वर्गातल्या दूताने सांगितले तरी तो शापित असो, इतके कठोर शब्द त्याने वापरले (१:८). करिंथकरांस दुसऱ्या पत्रातील (२:१७) क्रियापद तर थेट बाजारातले आहे. ते ‘कापेलोस’ या ग्रीक शब्दावरून आले असून त्याचा अर्थ किरकोळ विक्रेता. यशयाच्या ग्रीक भाषांतरात (१:२२) हाच द्राक्षारसात पाणी मिसळतो. मराठी बायबलमधील ‘भेसळ’ हा शब्द त्यामुळे फार नेमका उतरला आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रांत या संदेशासाठी ‘ठेव’ हा शब्द येतो : दुसऱ्याची वस्तू, जशीच्या तशी परत करण्याची. ही पत्रे पौलाचीच की पहिल्या शतकाच्या अखेरीची, याविषयी मतभेद आहेत.

गलतीत प्रश्न भर घालण्याचा होता, मार्सियनच्या बाबतीत गाळण्याचा. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपच्या या धर्मशिक्षकाला सुमारे १४४ मध्ये रोमच्या मंडळीने बहिष्कृत केले. जुना करार त्याने नाकारला. पौलाची दहा पत्रे आणि लूकसदृश एकच शुभवर्तमान (येथे येशूच्या चरित्राचा ग्रंथ) ठेवले. हा ग्रंथ आज उपलब्ध नाही. तो टर्टुलियन, एपिफेनियस आदी प्राचीन ख्रिस्ती लेखक असलेल्या विरोधकांच्या लिखाणावरून जुळवावा लागतो. मार्सियनने लूकला कात्री लावली, असे ल्यों येथील बिशप इरिनियस व टर्टुलियन सांगतात. उलट, त्याचाच पाठ आधीचा आणि आजचा लूक नंतर वाढवलेला, असे काही आधुनिक अभ्यासक मानतात. दोन्ही एका जुन्या पाठातून निघाले, असा मध्यम पक्षही आहे. मार्सियनचे म्हणून सांगितलेले काही पाठभेद इतर प्राचीन हस्तलिखितांतही आढळतात, तेव्हा प्रत्येक वगळणूक त्याच्या माथी मारता येत नाही. मात्र मार्सियनने लूक संक्षिप्त केला ही पारंपरिक बाजू एकंदरीत अधिक सबळ वाटते.

इरिनियसने सुमारे १८० मध्ये यावर उत्तर म्हणून ‘सत्याचा नियम’ (मंडळीच्या श्रद्धेचा थोडक्यात सारांश) आणि चार शुभवर्तमाने एकत्र मानण्याचा आग्रह पुढे ठेवला. शुद्धता म्हणजे एकच शब्दरचना नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. दुसऱ्या शतकातील लेखक टेशियनने चारही शुभवर्तमाने गुंफून केलेला ‘डायटेसरॉन’ सिरियात दीर्घकाळ वाचला गेला. पाचव्या शतकात बिशप थिओडोरेटने त्याच्या दोनशेहून अधिक प्रती काढून घेऊन त्या जागी स्वतंत्र चार शुभवर्तमाने दिली.

अनेक प्रदेशांत पुढे पाखंड ठरलेली मतेच आधी रुजली होती, असे जर्मन अभ्यासक वाल्टर बाउअरने १९३४ मध्ये मांडले. सिरियाक भाषिक एडेसा शहराविषयी त्यात तथ्य दिसते. इतरत्र मात्र पुराव्याच्या अभावावरच त्याचा भर जास्त आहे. शिवाय पौल ‘मला जे मिळाले तेच तुम्हांला दिले’ म्हणून जे सूत्र उद्धृत करतो (१ करिंथ १५:३–५), ते त्या पत्राच्याही आधीचे आहे. ठरीव गाभा फार लवकर तयार झाला होता, हे त्यावरून दिसते.

धर्मसुधारणेच्या काळात हीच कसोटी मंडळीच्या व्याख्येत आली. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाच्या (लूथरपंथीयांच्या श्रद्धानिवेदनाच्या) सातव्या कलमानुसार, जेथे शुभवर्तमान शुद्ध शिकवले जाते व संस्कार योग्य रीतीने दिले जातात, तेथे मंडळी असते. मानवी परंपरा सर्वत्र सारख्या असण्याची गरज नाही.