स्क्रीन रीडरमधील चिन्हांचे उच्चार

पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने (स्क्रीन रीडर) स्वल्पविराम, कंस, टक्के, तारांकन अशी चिन्हे कधी उच्चारावीत, कोणत्या शब्दांत उच्चारावीत आणि कधी गिळून टाकावीत, हे वापरणाऱ्याने स्वतः ठरवण्याची सोय. बहुतेक प्रचलित स्क्रीन रीडरांत ती कमीअधिक प्रमाणात असते. या नोंदीत मुख्यतः विंडोजवर चालणाऱ्या एनव्हीडीए या मोफत, मुक्तस्रोत स्क्रीन रीडरचा विचार केला आहे. मायकेल करन यांनी तो २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात लिहायला घेतला.

डोळस माणूस विरामचिन्ह वाचत नाही. ते दिसले की थांबतो, एवढेच. ऐकणाऱ्याला मात्र प्रत्येक चिन्हाचा हिशेब करावा लागतो. कादंबरीत दर ओळीला ‘स्वल्पविराम’ कानावर आदळला, तर दोन पानांत वैताग येतो. उलट पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या कोडमध्ये ओळीअखेरचा अपूर्णविराम (:) राहून गेल्याचे कानाला कळले नाही, तर प्रोग्राम चालत नाही.

म्हणून उच्चाराच्या पातळ्या असतात : काहीच नाही, काही, बहुतेक आणि सर्व. मुळात ‘काही’ ही पातळी लावलेली असते. एनव्हीडीएची कळ (सहसा इन्सर्ट) धरून पी दाबले की पातळी बदलते. एनव्हीडीएच्या चिन्हांच्या तक्त्यातल्या प्रत्येक चिन्हालाही स्वतःची पातळी असते. चिन्ह ‘बहुतेक’ या पातळीचे असेल, तर ते ‘बहुतेक’ आणि ‘सर्व’ यांत ऐकू येते, त्याखाली नाही. ‘अक्षर’ ही पातळी दिलेले चिन्ह एकेक अक्षर चाचपतानाच बोलले जाते. कोड लिहिण्याच्या प्रोग्रामसाठी वेगळे प्रोफाइल (सेटिंगांचा संच) करून तिथे ‘सर्व’ आणि ब्राउझरमध्ये ‘काही’ अशी वाटणीही करता येते.

चिन्ह-उच्चारांच्या खिडकीत चिन्ह शोधून त्याचा शब्द व पातळी बदलता येते, नवे चिन्हही घालता येते. तिथला आणखी एक पर्याय पुष्कळांच्या नजरेतून सुटतो : मूळ चिन्ह आवाजाच्या इंजिनाकडे पाठवायचे की नाही. इंजिन स्वल्पविरामाला थांबते, प्रश्नचिन्हाला सूर बदलते. चिन्ह पाठवणेच बंद केले, तर शब्द नीट येतात, पण वाक्याचा हेल जातो.

शब्द कोणता निवडावा हा मराठीत खरा प्रश्न आहे. छापील मराठीत आजची विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात रुळली आणि त्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. या चिन्हांची ठरलेली मराठी नावे मात्र व्याकरणाच्या तासाबाहेर क्वचितच बोलली जातात. ‘उद्गारवाचक चिन्ह’ म्हणून होईपर्यंत पुढचे वाक्य खोळंबते. कानाला आखूड शब्द हवा : पूर्णविरामाला ‘टिंब’, उद्गारवाचकाला नुसते ‘उद्गार’. ईमेलच्या पत्त्यात तर सगळे ‘डॉट’च म्हणतात. इथे शुद्धतेचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

बदल करताना एक खोच लक्षात ठेवावी लागते. नोंदी भाषेनुसार वेगवेगळ्या फाइलींत साठतात आणि सहसा चालू आवाजाची भाषा धरली जाते. इंग्रजी आवाज चालू असताना ₹ ला ‘रुपये’ असा शब्द दिला, तर मराठी आवाजावर येताच तो नाहीसा होतो. नोंद पुसली गेलेली नसते, ती दुसऱ्या फाइलीत असते. ₹ हे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेले आणि त्याच वर्षी युनिकोड या संगणकावरच्या अक्षरांच्या सामायिक संकेतावलीत आले. सुरुवातीच्या काही फाँटांत ते कळफलकावरच्या उलट्या स्वल्पचिन्हाच्या (`) जागी बसवले होते. अशा फाँटातल्या मजकुरात डोळ्यांना रुपया दिसतो, पण स्क्रीन रीडरला उलटे स्वल्पचिन्हच मिळते.

असाच घोळ विसर्गाचा. ‘दु:ख’ लिहिताना अनेकजण विसर्गाऐवजी अपूर्णविरामाची कळ दाबतात. पानावर फरक जवळजवळ कळत नाही. स्क्रीन रीडर मात्र ‘दु’ म्हणून थांबतो आणि मग ‘ख’ म्हणतो. पातळी वाढवली असेल, तर मध्ये त्या चिन्हाचे नावही घुसते. चिन्हांच्या तक्त्यात याला उतारा नाही, कारण बदली शब्द दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवून घातला जातो आणि अक्षरे जुळत नाहीत. त्यासाठी वाचा-शब्दकोश हे वेगळे साधन वापरतात. त्याचे काम चिन्हांच्या तक्त्याआधी होते, म्हणून तिथे चुकीच्या ‘दु:ख’ला बरोबर ‘दुःख’ लावून दिले की शब्द सलग ऐकू येतो.

ॲपलच्या आयफोनवर व्हॉइसओव्हर या स्क्रीन रीडरमध्ये चिन्हांचे स्वतःचे गट करता येतात. आयओएस १३ पासून ही सोय आहे. विंडोजवरच्या जॉज या स्क्रीन रीडरमध्येही पातळ्या व बदल दोन्ही आहेत.

विसर्गाच्या घोळात उलट दिशेची चूक अधिक चिवट आहे. निमंत्रणपत्रिकेत ‘वेळः सायंकाळी ६’ असे छापतात, तेव्हा अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग असतो आणि ‘वेळ’ला हकार जोडला जातो. विसर्गाला गप्प करावे, तर ‘अंतःकरण’ आणि ‘प्रातःकाळ’ही बिघडतात. मग ‘वेळः’, ‘स्थळः’, ‘दिनांकः’ हे एकेक शब्द शब्दकोशात घालत बसावे लागते.