पुरोगामी ख्रिस्ती चळवळ, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘धार्मिक उजवे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजकीय फळीने ख्रिस्ती धर्मावर सांगितलेला एकाधिकार नाकारणाऱ्या व्यक्ती, मंडळ्या व संघटना यांचा सैल समूह. त्याला एक संस्थापक, एक घटना वा एक मध्यवर्ती कार्यालय नाही. ‘आमचा धर्म आम्ही परत घेत आहोत’ ही त्यातील अनेकांची भाषा असली, तरी ती सर्वांची नाही. विशेषतः कृष्णवर्णीय चर्चच्या बाबतीत ती लागू पडत नाही. गरीब, परदेशी, कैदी व आजारी यांच्याशी कसे वागलो यावर निवाडा होईल, हा मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसावा अध्याय आणि आमोस, मीखा या संदेष्ट्यांची न्यायाची मागणी हे या गटांचे आवडते आधार आहेत.

चळवळीत किमान तीन प्रवाह वेगळे काढावे लागतात. पहिला मेनलाइन म्हणजे जुन्या प्रस्थापित प्रॉटेस्टंट पंथांचा : युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट, एपिस्कोपल, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, ल्यूथरन इत्यादी. दुसरा इव्हँजेलिकल डाव्यांचा. येशूचे पुनरुत्थान, बायबलचा अधिकार व वैयक्तिक परिवर्तन या गोष्टी ते पूर्णपणे मानतात. त्यांचा वाद आहे तो उजव्यांच्या राजकारणाशी. तिसरा कृष्णवर्णीय चर्चचा. पहिल्या प्रवाहातील बिशप जॉन शेल्बी स्पाँग (१९३१–२०२१) आणि मार्कस बोर्ग (१९४२–२०१५) यांनी पारंपरिक सिद्धांतांचाच फेरविचार मांडला. दुसऱ्या प्रवाहातील रॉन सायडर (१९३९–२०२२) यांनी त्या सिद्धांतांतले एक अक्षरही सोडले नाही. तरीही वृत्तपत्रे या दोन्ही बाजूंना एकाच नावाखाली घालतात आणि त्यातून बराच गोंधळ होतो. कॅथलिकांची परंपरा (डॉरथी डे यांची १९३३ मध्ये सुरू झालेली कॅथलिक वर्कर चळवळ, २०१२ मधील जोगिणींची बसयात्रा) स्वतंत्र असून तिचा येथे केवळ निर्देश केला आहे.

पूर्वपीठिका : ‘सामाजिक शुभवर्तमान’ या नावाने ओळखली जाणारी विचारधारा साधारणतः १८८० नंतर आकारास आली, असे मानले जाते. तिचे दोन प्रमुख प्रवक्ते म्हणजे ओहायोतील कोलंबस येथील काँग्रिगेशनल पाळक वॉशिंग्टन ग्लॅडन (१८३६–१९१८) आणि जर्मन वंशाचे बॅप्टिस्ट पाळक वॉल्टर राउशेनबुश (१८६१–१९१८). राउशेनबुश १८८६ पासून अकरा वर्षे न्यूयॉर्कच्या ‘हेल्स किचन’ या कामगारवस्तीजवळ पाळक होते. तेथे लहान मुलांचे अंत्यविधी वारंवार करावे लागल्याने पाप केवळ व्यक्तीचे नसते, व्यवस्थेचेही असते, या निष्कर्षाला ते आले. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल काउन्सिल ऑफ चर्चेसने त्याच वर्षी एक सामाजिक मतांगीकार स्वीकारला. बालमजुरीचे निर्मूलन, स्त्रियांच्या कामाच्या तासांचे नियमन, आठवड्याची एक सुटी आणि जगण्यापुरते वेतन ही कलमे त्यात होती.

ग्लॅडन यांच्या चरित्रातील १९०५ चे ‘कलंकित पैसा’ प्रकरण मराठी वाचकाला जवळचे वाटेल. स्टँडर्ड ऑइल या तेलकंपनीचे मालक जॉन डी. रॉकफेलर यांनी काँग्रिगेशनल पंथाच्या परदेशी मिशन मंडळाला एक लाख डॉलर देऊ केले. स्टँडर्ड ऑइलने प्रतिस्पर्ध्यांना बुडवून मिळवलेला पैसा मिशनने घेऊ नये, अशी हरकत ग्लॅडन यांनी घेतली. मंडळानेच ही देणगी मागितली होती, हे नंतर उघड झाले. देणगी परत झाली नाही. हेच ते मंडळ, ज्याचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि ज्याच्या अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू केले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे कार्यही याच मिशनच्या आश्रयाने झाले. काँग्रिगेशनल पंथ १९५७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टमध्ये विलीन झाला व तो पंथ आज पुरोगामी ख्रिस्ती गटांत आघाडीवर आहे. मात्र या नात्यावरून अहमदनगरच्या मंडळ्यांची आजची मते ठरवू नयेत. त्या पुढे वेगळ्या वाटेने उत्तर भारतातील चर्चच्या ऐक्यात सामील झाल्या.

सामाजिक शुभवर्तमानाचे समर्थक वंशप्रश्नावर बहुधा गप्प राहिले आणि दारूबंदीवर मात्र फार बोलले, हा आक्षेप योग्यच आहे.

१९२० च्या दशकात मूलतत्त्ववादी व आधुनिकतावादी यांच्यात फूट पडली. हॅरी एमर्सन फॉस्डिक यांचे मूलतत्त्ववाद्यांना आव्हान देणारे प्रवचन १९२२ चे, तर शाळेत उत्क्रांतिवाद शिकवण्यावरून टेनेसीतील डेटन येथे चाललेला स्कोप्स खटला १९२५ चा. त्या खटल्यात उत्क्रांतिवादाविरुद्ध उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे अर्थकारणात शेतकरी-कामगारांचे कैवारी होते. ‘बायबलवादी म्हणजे उजवा’ हे समीकरण त्या काळाला लावता येत नाही, एवढे या एका उदाहरणावरून कळते.

धार्मिक उजव्यांचा उगम : पुरोगामी ख्रिस्ती ‘परत घेण्या’ची भाषा करतात तेव्हा धर्म केव्हा आणि कोणी नेला, हे ठरवणे ओघानेच येते. त्यामुळे हा वाद निव्वळ इतिहासकारांचा राहिलेला नाही.

प्रचलित समजुतीप्रमाणे २२ जानेवारी १९७३ रोजी ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला, त्यामुळे इव्हँजेलिकल लोक खवळून उठले आणि १९७९ मध्ये बॅप्टिस्ट पाळक जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना स्थापन केली. रँडल बामर या इतिहासकारांनी ही हकीकत खोडून काढण्याचा प्रयत्न केला आहे. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या मोठ्या इव्हँजेलिकल पंथाने १९७१ मध्ये सेंट लुइस येथील अधिवेशनात बलात्कार, रक्ताच्या नात्यातील लैंगिक संबंध, गर्भातील गंभीर व्यंग, तसेच मातेचे मानसिक व शारीरिक आरोग्य या कारणांसाठी गर्भपाताची मुभा देणाऱ्या कायद्याला पाठिंबा दर्शविला होता, याकडे ते लक्ष वेधतात. त्या काळी गर्भपात हा मुख्यतः कॅथलिकांचा विषय समजला जाई.

बामर यांच्या मते खरी ठिणगी पडली ती खासगी शाळांच्या करमाफीवरून. शाळांतील वंशविभक्ती संपवण्याचा आदेश आल्यावर मिसिसिपीतील होम्स काउंटीत सरकारी शाळांतील गोऱ्या विद्यार्थ्यांची संख्या पहिल्याच वर्षी ७७१ वरून २८ वर आली आणि पुढच्या वर्षी एकही उरला नाही. ही मुले नव्या खासगी शाळांत गेली, आणि त्या शाळा धर्मादाय म्हणून करमाफी मागत होत्या. कृष्णवर्णीय पालकांनी दावा लावला. ‘ग्रीन विरुद्ध कॉनली’ या १९७१ च्या निकालाने वंशभेद पाळणाऱ्या शाळांना करमाफी मिळणार नाही, असे ठरले. दक्षिण कॅरोलायनातील बॉब जोन्स विद्यापीठ १९७१ पर्यंत कृष्णवर्णीयांना प्रवेशच देत नव्हते आणि आंतरवंशीय प्रेमसंबंधांवरील बंदी तर त्याने २००० मध्ये उठवली. १९७६ मध्ये त्याची करमाफी पूर्वलक्षी प्रभावाने काढण्यात आली. १९७८ मध्ये प्राप्तिकर खात्याने खासगी शाळांसाठी कडक नियम प्रस्तावित केले, तेव्हा निषेधाची लाखाहून अधिक पत्रे आली. पॉल वेरिक हे संघटक अनेक वर्षे पाळकांना राजकारणात ओढण्याचा प्रयत्न करीत होते. अश्लील साहित्य, शाळेतील प्रार्थना, गर्भपात असे विषय त्यांनी पुढे करून पाहिले, पण पाळक हलले ते शाळांवर गदा आल्यावर, असे वेरिक यांनीच १९९० मध्ये एका बैठकीत सांगितल्याचे बामर नमूद करतात. बॉब जोन्स खटला सर्वोच्च न्यायालयात १९८३ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी विद्यापीठाच्या विरोधात गेला.

हे प्रतिपादन पुरोगामी गोटात अर्थातच लोकप्रिय आहे. इतिहासकार डॅनियल के. विल्यम्स यांना ते अपुरे वाटते. त्यांच्या मते इव्हँजेलिकल व रिपब्लिकन पक्ष यांची जवळीक १९७० च्या दशकापेक्षा बरीच जुनी असून तिचा माग १९२० च्या दशकापासून काढता येतो. सरकारी शाळांतील प्रार्थना घटनाबाह्य ठरवणारे १९६२ व १९६३ चे निकाल आणि १९७२ मध्ये काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) संमत केलेली स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती यांचाही यात वाटा होता. केव्हिन क्रूस हे इतिहासकार आणखी वेगळ्या दिशेने जातात : राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ या आर्थिक कार्यक्रमाला विरोध करणाऱ्या उद्योगपतींनी १९३० च्या दशकापासून पाळकांना हाताशी धरले, असे ते दाखवतात. त्यांचा एक प्रमुख दुवा, जेम्स फिफील्ड, लॉस एंजेलिसचा काँग्रिगेशनल पाळक होता, म्हणजे ग्लॅडन यांच्याच पंथाचा.

उपलब्ध पुराव्यांवरून असे म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते, की भावना व हितसंबंध जुने होते, १९७० च्या उत्तरार्धात त्यांना संघटनेचे रूप देण्यास करमाफीचा वाद कारणीभूत झाला, आणि गर्भपाताचा मुद्दा त्या संघटनेला टिकवून धरण्यास उपयोगी पडला. फॉलवेल यांनी १९६५ मध्ये नागरी हक्कांच्या मोर्च्यांत जाणाऱ्या पाळकांवर टीका करताना पाळकाचे काम आत्मे जिंकण्याचे आहे, राजकारणाचे नव्हे, असे सांगितले होते. चौदा वर्षांनी त्यांची भूमिका उलटली. पुरोगामी वक्ते ते प्रवचन अजून उद्धृत करतात.

शिकागो घोषणापत्र : नोव्हेंबर १९७३ मध्ये शिकागोतील वायएमसीएच्या इमारतीत रॉन सायडर यांच्या पुढाकाराने इव्हँजेलिकलांची एक बैठक झाली. वंशवाद, आर्थिक विषमता व लष्करी बळाचा अभिमान यांविषयी आपण न्यायाने वागलो नाही, अशी कबुली देणारे घोषणापत्र तेथून निघाले. त्यावर कार्ल हेन्री यांच्यासारख्या परंपरानिष्ठ ईश्वरशास्त्रज्ञाचीही सही आहे. स्त्रियांसंबंधीचे वाक्य नॅन्सी हार्डेस्टी यांच्या आग्रहाने आले. मॉरल मेजॉरिटी निघायला तेव्हा सहा वर्षे अवकाश होता. राष्ट्रीय पातळीवर संघटित झालेले पहिले इव्हँजेलिकल राजकारण डावीकडे झुकलेले होते, हा दावा या कालक्रमावर उभा आहे व तो सहज मोडण्यासारखा नाही.

मग ते टिकले का नाही? इतिहासकार डेव्हिड स्वॉर्ट्झ यांचे उत्तर असे, की स्त्रिया, कृष्णवर्णीय, शांततावादी असे गट लवकरच आपापल्या बैठका घेऊ लागले. इव्हँजेलिकल स्त्रियांची संघटना १९८६ मध्ये समलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या ठरावावरून फुटली. गर्भपाताला विरोध आणि डेमोक्रॅटिक पक्षाला मत या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवणाऱ्यांना तर राहायला घरच उरले नाही. डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर हे स्वतः रविवारच्या शाळेत शिकवणारे सदर्न बॅप्टिस्ट होते. पण १९८० मध्ये फॉलवेल यांचा गट त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी रेगन यांच्यामागे गेला. कार्टर यांनी स्त्रियांचे स्थान दुय्यम ठरवल्याच्या कारणावरून २००० मध्ये कन्व्हेन्शनशी संबंध तोडला. जिम वॉलिस यांचे १९७१ मध्ये सुरू झालेले नियतकालिक पुढे ‘सोजर्नर्स’ नावाने वॉशिंग्टनमधून निघू लागले व आजही चालू आहे. टोनी कँपोलो व शेन क्लेबोर्न यांनी २००७ मध्ये ‘रेड लेटर ख्रिश्चन्स’ हा गट काढला. काही इंग्रजी बायबलांत येशूचे शब्द तांबड्या शाईत छापतात, त्यावरून हे नाव. स्कोप्स खटल्याच्या डेटन गावात वाढलेल्या लेखिका रेचल हेल्ड एव्हान्स (१९८१–२०१९) यांनी इव्हँजेलिकल घरांतून बाहेर पडणाऱ्या तरुण पिढीला वाचा दिली.

कृष्णवर्णीय चर्च : मार्टिन ल्यूथर किंग यांच्या परंपरेतील मंडळ्यांकडून धर्म कधी कोणी हिरावून घेतलाच नव्हता. वैयक्तिक नीतीबाबत त्यांपैकी पुष्कळ सनातनी आहेत आणि मतदानाचा हक्क, वेतन, आरोग्य यांबाबत ठाम डाव्या. उत्तर कॅरोलायनातील पाळक विल्यम बार्बर यांनी २९ एप्रिल २०१३ रोजी राजधानी रॉली येथील विधिमंडळात धरणे धरले. त्या दिवशी सतरा जणांना अटक झाली. पुढे दर सोमवारी लोक प्रार्थना करीत, गात आत जात व हातकड्या घालून बाहेर येत. त्या हंगामात अटकांचा आकडा नऊशेच्या पुढे गेला. मागण्या होत्या मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचा विस्तार, बेकारभत्ता आणि मतदानाच्या नियमांविषयीच्या. हे ‘मॉरल मंडेज’ होत. बार्बर ‘नैतिक’ हा शब्द मुद्दाम वापरतात आणि डावे-उजवे ही विभागणी नाकारतात. लिझ थिओहॅरिस यांच्यासह त्यांनी २०१८ मध्ये किंग यांची १९६८ मधील ‘पुअर पीपल्स कँपेन’ पुन्हा उभी केली.

न्यायालये व चर्चसंस्था : धर्मस्वातंत्र्याचा युक्तिवाद उजव्यांचा समजला जातो. २०१४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टने तोच उत्तर कॅरोलायना राज्याविरुद्ध वापरला. परवान्याविना विवाह लावणाऱ्या पाळकाला तेथे शिक्षा होऊ शकत होती आणि समलिंगी जोडप्यांना परवाना मिळत नव्हता. म्हणून हा आमच्या पाळकांच्या धर्माचरणावर घाला आहे, असे चर्चचे म्हणणे. १० ऑक्टोबर २०१४ रोजी न्यायालयाने राज्याची विवाहबंदी रद्द केली, मात्र वरिष्ठ न्यायालयाच्या आधीच्या निकालाच्या आधारे. धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा त्यामुळे अनिर्णित राहिला. याच पंथाने १९७२ मध्ये उघडपणे समलिंगी असलेल्या विल्यम जॉन्सन यांना पाळकपदाची दीक्षा दिली होती. एपिस्कोपल चर्चने २००३ मध्ये उघडपणे समलिंगी असलेल्या जीन रॉबिन्सन यांना बिशप केले. युनायटेड मेथडिस्ट चर्चने समलिंगी पाळकांवरील निर्बंध २०२४ मध्ये उठवले, पण तोवर सात हजारांहून अधिक मंडळ्या बाहेर पडल्या होत्या.

टीका व सद्यःस्थिती : सिद्धांत सैल केले की चर्च रिकामी होतात, हा परंपरावाद्यांचा जुना आक्षेप आहे. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत मेनलाइन प्रॉटेस्टंटांचे प्रौढांतील प्रमाण २००७ मध्ये सुमारे १८ टक्के होते, ते २०२३–२४ मध्ये ११ टक्के झाले. इव्हँजेलिकलांचे प्रमाणही याच काळात घटले आहे. त्यामुळे घसरणीचे कारण केवळ उदारमतवाद हे पटत नाही. २०१६ च्या मतदानोत्तर पाहणीनुसार गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी सुमारे ८१ टक्क्यांनी डॉनल्ड ट्रम्प यांना मत दिले. २०१९ मध्ये बॅप्टिस्टांच्या एका जुन्या संयुक्त समितीच्या पुढाकाराने ख्रिस्ती राष्ट्रवादाविरुद्ध निवेदन निघाले. त्यात भर पुरोगामी धोरणांपेक्षा धर्म व शासन यांच्या फारकतीवर आहे. २१ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये बिशप मेरियन एडगर बडी यांनी समोर बसलेल्या राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना स्थलांतरितांवर व समलिंगी मुलांवर दया करण्याची विनंती केली. ट्रम्प यांनी माफीची मागणी केली. ती बडी यांनी मानली नाही.