विहीर-बोअरचं पाणी तपासायचंय? नाशिक जिल्ह्यात नमुना असा द्या

केंद्र सरकारच्या जलजीवन मिशनने 2021 मध्ये पिण्याच्या पाण्याच्या तपासणीची देशभरासाठी एकच ऑनलाइन नोंद सुरू केली. पोर्टलचं नाव डब्ल्यूक्यूएमआयएस (WQMIS), म्हणजे पाण्याच्या गुणवत्तेची माहिती ठेवणारी यंत्रणा. उच्चारायला अवघड, पण कामाचं. प्रयोगशाळेचा निकाल तुम्हाला ऑनलाइन मिळतो आणि तोच पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्यांनाही दिसतो.

कोणाला करता येतं? कोणालाही. सार्वजनिक स्रोतांची तपासणी प्रशासनानेच करायची असते: रासायनिक वर्षातून एकदा, जैविक (म्हणजे जंतूंची) दोनदा. त्यामुळे गावच्या विहिरीचा निकाल आधी पोर्टलवर शोधा, कदाचित तयारच असेल. खासगी बोअरसाठी माफक शुल्क लागतं. ते प्रयोगशाळेला फोनवर विचारूनच निघा. नाशिक शहरात गंगापूर, मुकणे, दारणा धरणांचं पाणी महापालिका पुरवते, म्हणून नळाला गढूळ पाणी आलं तर आधी महापालिकेकडे तक्रार करा.

काय लागतं? मोबाइल नंबर, नाव-पत्ता, तालुका, गाव आणि स्रोताची नेमकी माहिती. 'मळ्यातली बोअर' एवढं लिहून भागत नाही, कारण एकाच मळ्यात तीन बोअर असतात. गट क्रमांक, खोली, नमुना घेतल्याची तारीख-वेळ लिहा. ओळखपत्राची झेरॉक्सही सोबत असू द्या.

पोर्टलवर नोंदणी करून जवळची प्रयोगशाळा निवडली की नमुना क्रमांक मिळतो. तो बाटलीवर चिकटवा, वहीतही टिपून ठेवा.

खरी गडबड होते ती बाटलीत. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकचा कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरा. जैविक तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच आणा आणि अजिबात विसळू नका. आत क्लोरीन मारणारं रसायन असतं, ते धुऊन गेलं तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही. तोटीतून थोडं पाणी वाहू द्या, झाकणाला आतून बोट लावू नका, वर थोडी जागा सोडा. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. शनिवारी संध्याकाळी भरून सोमवारी नेलेला नमुना म्हणजे निव्वळ हेलपाटा.

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेला लागून बोअर असेल तर खतांमधून पाण्यात उतरणारं नायट्रेट तपासा असं आवर्जून सांगा. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. त्यापेक्षा जास्त निघालं तर उकळून उपयोग नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळाच्या दुधात ते पाणी वापरूच नका. फ्लोराइडची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू 100 मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही.

सार्वजनिक स्रोताच्या पाण्यात जंतू निघाले तर नमुना क्रमांकासह ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर जलसुरक्षकाला, म्हणजे गावचं पाणी शुद्ध करणाऱ्या कर्मचाऱ्याला, तुमच्यासमोर ओटी टेस्ट (पाण्यात उरलेलं क्लोरीन दाखवणारी चाचणी) करायला सांगा. नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम दिसायला हवं. त्यानंतर फेरनमुना पाठवायला लावा. दाद लागली नाही तर हाच अर्ज पोचेच्या प्रतीसह गटविकास अधिकाऱ्यांकडे द्या.